हीटरखालचा माळा

आमच्या मंडळाच्या हॉलमधला हीटर नोव्हेंबरच्या पहिल्या कडक गारठ्यात बंद पडला. तो पुन्हा सुरू होईपर्यंत मी जितक्या वेळा "अहो, पण" म्हटलं, तितक्या वेळा त्याआधीच्या सबंध आयुष्यात म्हटलं नसेन.

हॉल म्हणजे काही राजवाडा नव्हता. टोरोंटोजवळच्या वॉनमधल्या एका इंडस्ट्रियल पार्कात भाड्याने घेतलेला गाळा. एका बाजूला किचनची कपाटं बनवणारा, दुसऱ्या बाजूला टायरवाला. विंटर टायर बदलायला आलेल्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची आणि सत्यनारायणाला आलेली मंडळी त्या रांगेत अडकून पडायची. पुढच्या भागात एक छोटं ऑफिस आणि वॉशरूम. मागे उंच छताची मोकळी जागा, आणि अगदी शेवटी माल उतरवायचं मोठं शटर. त्या मागच्या भागात छताच्या लोखंडी कैच्यांना सळ्यांनी टांगलेला हीटर होता. मोठ्या ट्रंकेएवढा पत्र्याचा डबा. आत गॅसच्या ज्वाळा, पाठीमागे पंखा, आणि पुढून गरम हवेचा झोत. कॅनडातल्या प्रत्येक गोदामात असा एक डबा घरघरत असतो. तो चालू असेपर्यंत कुणी मान वर करून बघत नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मंडळाची सहचिटणीस होते. हे पद मला मिळालं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. आठवडाभर मी मार्कममध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचे. शनिवार-रविवारी तेच काम मंडळात फुकट करायचे.

माझे बाबा नागपूरला कामगार संघटनेत होते. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. उरलेल्या गठ्ठ्यांतून माझ्या पाठ्यपुस्तकांना कव्हरं घातली जायची. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर "कामगार बंधूंनो, जागे व्हा" असं वर्षभर लिहिलेलं होतं. त्यामुळे माझी अशी पक्की समजूत झाली होती की जगात वाईट घडतं ते लोकांना माहीत नसल्यामुळे. एका कागदावर, दोन्ही बाजूंनी, स्पष्ट भाषेत छापून वाटलं, की ते थांबतं.

त्या हिवाळ्याने ती समजूत मोडीत काढली.

हीटर बंद पडल्याचं पहिल्यांदा कळलं ते काकूंना. काकू म्हणजे आमच्या शनिवारच्या मराठी शाळेच्या बाई. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, साडीवर पफर जॅकेट घालणाऱ्या. स्वतःची मुलगी पाच वर्षांची असताना त्यांनी घराच्या बेसमेंटमध्ये हा वर्ग सुरू केला होता. ती मुलगी आता हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि आईला फोनवर इंग्रजीत उत्तरं देत होती. काकूंचे यजमान वारले, घर विकलं, काकू एका छोट्या काँडोत राहायला गेल्या, आणि वर्ग या गाळ्यात आला.

"हे बघ," काकू मला म्हणाल्या, "पालकांनी सांगितलंय, ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत पाठवतो. जानेवारीत इथे हीटर नसेल तर मुलं येणार नाहीत. आणि वर्ग एकदा बंद पडला ना, की मी तो पुन्हा उभा करायची नाही. माझ्यात आता तेवढा दम नाही."

त्या तक्रार करत नव्हत्या. उद्या बर्फ पडणार आहे असं सांगावं, तसं सांगत होत्या. मुलं ग्लव्ह्ज घालून बसली होती.

"काकू, कॅन आय राइट विथ माय ग्लव्ह्ज ऑन?" एकाने विचारलं.

"मराठीत विचार."

त्याने बराच विचार केला. "काकू... ग्लव्ह्ज... ऑन?"

"ठेव बाबा, ठेव," काकू म्हणाल्या.

मी गॅसवाल्याला फोन केला. गॅसवाला म्हणजे लायसन्सवाला टेक्निशियन. पन्नाशीचा, आईबाप इटलीहून आलेले, हातात कायम कॉफी. कबूल केलेल्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी जणू आम्हीच उशीर केला अशा चेहऱ्याने आला. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले होते. आमचे अध्यक्षकाकाही आले होते. अध्यक्षकाका सत्तरच्या दशकात इथे आलेले, सगळी नोकरी वीजकेंद्रातल्या बॉयलरवर झालेली, आता निवृत्त.

गॅसवाला शिडी लावून वर चढला, पत्रा उघडला, टॉर्च मारला आणि शिट्टी वाजवली. आत ज्वाळा एका बाजूला आणि आपण श्वासात घेतो ती हवा दुसऱ्या बाजूला ठेवणारी जी पातळ भिंत असते, तिला तडा गेला होता. त्या तड्यातून जळलेल्या गॅसचा धूर हॉलच्या हवेत येऊ शकतो, आणि त्या धुरातला विषारी वायू ना दिसतो ना वास देतो. त्याने गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, वर लाल टॅग बांधला आणि म्हणाला, "हा आता कुणी पेटवायचा नाही. नवाच लागेल."

इथवर ठीक होतं. मग शिडीवरून उतरता उतरता त्याने खाली पाहिलं, आणि तो शिडीवरच थांबला.

हीटरच्या बरोब्बर खाली आणि पुढे आमचा माळा होता.

मराठी माणूस कुठेही गेला तरी दोन गोष्टी करतो असं माझं निरीक्षण आहे. एक म्हणजे मंडळ काढतो आणि दुसरं म्हणजे माळा काढतो. आमचा माळा लाकडी फळ्यांचा होता, अध्यक्षकाकांनी स्वतः डिझाइन केलेला, भिंतीला बोल्टने पक्का. त्यावर मंडळाच्या स्थापनेपासूनची गणपतीची सगळी मखरं होती. सगळी थर्माकोलची. शिवनेरी होता, मोर होता, कमळं होती, दोन हंस होते, एक मान मोडलेला सीएन टॉवर होता, आणि पाठीमागे हीटरला जवळजवळ टेकलेलं एक हिमालयातलं मंदिर होतं.

"याचं टोक वितळलंय," गॅसवाला म्हणाला.

"नाही, ते तसंच डिझाइन आहे," अध्यक्षकाका म्हणाले.

खरंच आम्ही सगळे तसंच समजत होतो. मंदिराचं शिखर एका बाजूला वाकलेलं होतं, आणि आम्हाला ती कलाकाराची कल्पना वाटायची. कलाकार कॅलगरीला गेलेला, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. मी शिडीवर चढून हात लावला. हीटरच्या बाजूचं थर्माकोल चकचकीत आणि कडक झालं होतं, आणि कडा पातेल्याला लागलेल्या दुधासारख्या तपकिरी होत्या. शेजारी थर्माकोलच्या ढिगावर सॅटिनचे पडदे होते. त्यांच्यावर क्रेप कागदाच्या पताका. आणि या सगळ्याच्या खाली, फळीच्या सावलीत, दर शनिवारी काकूंची मुलं मांडी घालून बसत होती.

गॅसवाल्याने जुन्या हीटरच्या अंगावरचं धुळीने माखलेलं लेबल पुसलं आणि मला वाचायला लावलं. वर किती जागा मोकळी हवी, बाजूंना किती, खाली किती, धुराच्या नळीपासून किती. "हे शोभेला लावत नाहीत," तो म्हणाला. "थर्माकोल पेटलं तर थेंब थेंब जळत खाली पडतं. धूर काळा, दाट. तुमचं उघडं दार एकच, तेही पुढे. शटर तर तुम्ही कुलूप लावून त्याच्यापुढे खुर्च्या रचल्यायत. यू अंडरस्टँड?"

"ऑफ कोर्स," अध्यक्षकाका म्हणाले. "बॉयलरमध्येच आयुष्य गेलं माझं."

"मग हे कोणी बांधलं?"

काकांनी घसा खाकरला. मी छताकडे पाहिलं.

नवा हीटर दुसरीकडे टांगता येईल का, हे मी विचारून घेतलं. येणार नव्हता. पुढच्या भागात ऑफिसचं खोटं छत होतं, तिथे उंची नव्हती. गॅसची नळी मागच्या भिंतीलाच होती, धूर बाहेर नेणारं भोकही तिथेच, आणि गाळेमालक छताला नवं भोक पाडू देणार नव्हता. म्हणजे हीटर तिथेच. आणि हीटर तिथे, तर माळा नाही. "वॉल रिकामी दिसल्याशिवाय मी मशीन टांगणार नाही," असं सांगून तो गेला.

मला वाटलं, प्रश्न सुटला. केवढं सोपं! थर्माकोल की मुलं? यात विचार कसला करायचा?

त्या रविवारी कमिटीची बैठक झाली. सगळे टोप्या आणि जॅकेटं घालून, चहाचे कप दोन्ही हातांत धरून बसले होते. अध्यक्षकाकांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं. मी कबूल करते, अप्रतिम समजावलं. गरम हवा वर कशी चढते, ज्वाळेची धग हवेला न तापवता समोरच्या वस्तूला कशी तापवते, बारीक बारीक उष्णतेने वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड शेवटी कमी तापमानालाही कसं पेट घेतं. कॉलेजात मला कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं. आता पहार आणायची फक्त.

काकांनी खडू खाली ठेवला, हात झटकले. "तेव्हा माझं मत असं आहे, की माळा जरा डावीकडे घ्यावा."

"जरा म्हणजे?" मी विचारलं.

"अ‍ॅडजस्ट करू."

"काका, डावीकडे शटर आहे."

"मग उजवीकडे."

"उजवीकडे इलेक्ट्रिक पॅनेल आहे."

"अगं, तू प्रत्येक गोष्टीत नन्नाचा पाढा का लावतेस?"

"काहून लावू नको?" रागावले की माझं नागपूर बाहेर येतं. "ही सगळी मखरं फेकून का देत नाही आपण? दरवर्षी नवं तर करतोच!"

चिवडा चावायचा आवाज थांबला.

"फेकून?" कुणीतरी म्हणालं.

"ती पुन्हा वापरू की."

"शेवटचं कधी वापरलंत?"

"प्रश्न वापरण्याचा नाहीये," अध्यक्षकाका म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कशाचा आहे, ते मात्र कुणी सांगितलं नाही. मग प्रत्येकाने आपापल्या मखराची गोष्ट सांगितली. शिवनेरी बांधताना पहिल्यांदा बर्फाचं वादळ बघितलेलं. मोराची पिसं एकीने गरोदरपणात रंगवलेली. कमळं करणाऱ्याचा पुढे घटस्फोट झाला, तरी कमळं सुंदरच आहेत. कुणीतरी हळूच असंही म्हणालं, "इतकी वर्षं काही झालं नाही ना? बाप्पा राखतो." त्यावर मी जे बोलले ते इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

काकू कोपऱ्यात बसून होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला. मी कुणासाठी भांडत होते?

मग शेजारी बसलेल्या बाईने माझ्या कानात जे सांगितलं, ते तोवर मला माहीत नव्हतं. माळ्यावरचं सगळ्यात जुनं मखर काकूंच्या यजमानांनी केलेलं होतं. मंडळाचा पहिला गणपती एका चर्चच्या बेसमेंटमध्ये बसला, तेव्हा काकूंच्या लेकीने विचारलं होतं, कॅनडात बाप्पा कुठे राहणार? म्हणून त्यांनी थर्माकोलच्या विटा कापून एक इग्लू केलं होतं. प्रत्येक वीट वेगळी, एकात एक बसणारी. मंडळात आल्यावर पहिल्याच वर्षी मी त्या इग्लूवर जाहीर टीका केली होती. इथल्या ज्या मूळ रहिवाशांची जमीन गेली त्यांच्या घराची आपण सजावट करतो, वगैरे. ते मत माझं आजही आहे. पण ते कोणी केलं, कुणासाठी केलं, हे तेव्हा विचारलं नव्हतं.

मी पत्रक काढलं. मथळा: "आपल्या डोक्यावर काय टांगलंय?" रात्री दोन वेळा लिहून काढलं, स्वतःच्या खर्चाने छापलं, दोन्ही बाजूंनी. लेबलवरची अंतरं मराठीत दिली, तडा गेलेल्या हीटरमधून काय होतं ते दिलं, वितळलेल्या शिखराचं चित्र काढलं, आणि शेवटी विचारलं की मखर जपायचं की मखरापुढे आरती म्हणणारी मुलं. घरोघरी पाठवलं.

प्रतिसाद भरघोस आला. "भाषा किती ओघवती आहे गं तुझी." "इतकं छान मराठी आजकालच्या पिढीत नाही." "वडील लिहितात का?" दिवाळी अंकाच्या संपादिकेने पुढच्या वर्षीसाठी लेख मागितला, विषय कुठलाही चालेल म्हणाली. माळ्यावरून एकही पताका कुणी खाली काढली नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर फार चिडचिड झाली, की या लोकांना सगळं माहीत होतं. माहिती द्यायला मी निघाले होते, तिथे माहिती ओसंडून वाहत होती.

डिसेंबरात गॅसवाला नवा हीटर घेऊन आला. अध्यक्षकाकांनीच त्याला बोलावलं होतं, "सगळं क्लिअर केलंय" असं सांगून. मी दार उघडून आत गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. माळा तिथेच होता. त्यावरची मखरं पुढच्या कडेला सरकवून त्यांच्यावर एक पांढरी चादर घातली होती. नवरी मुलगी दाखवायला आणावी, तशी.

गॅसवाला कॉफी पीत त्या चादरीकडे बघत राहिला.

"हे काय आहे?" त्याने मला विचारलं.

"अ‍ॅडजस्टमेंट," मी म्हटलं. दुसरा शब्द मला सुचला नाही.

अध्यक्षकाका पुढे झाले. "बघ, आता मागे भरपूर जागा आहे. शिवाय आमचं थर्माकोल रंगवलेलं आहे, म्हणजे एक प्रकारे कोटिंगच झालं."

गॅसवाल्याने खोका पुन्हा ट्रकमध्ये चढवला. व्हिटबीला एका गॅरेजवाल्याची ऑर्डर थांबली होती, हे मशीन तो तिथे लावणार होता. "त्याच्याकडे फक्त पेट्रोल आणि रंगाचे डबे आहेत," तो म्हणाला, "आणि तोसुद्धा मी सांगितलं तर हलवतो." आता जानेवारीत, आणि तेही भिंत रिकामी असेल तरच.

ट्रक वळला तशी मी अध्यक्षकाकांवर ओरडले. वयाचा मान, परदेशातली एकी, सगळं बाजूला ठेवून ओरडले. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "कशाला पाहिजे तो? जुन्यातला तडा मीच वेल्ड करून देतो. घरचं काम."

"काका," मी म्हटलं, "मी इमारतीच्या मालकाला फोन करेन."

"तू आपल्याच माणसांविरुद्ध जाशील?"

"जाईन."

काका दुखावले. मलाही बरं वाटलं नाही. पण मी गेले असते, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि वेल्डिंगचं नाव पुन्हा निघालं नाही.

सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार आला. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. वर्गात विजेचे दोन छोटे हीटर आणले होते. दोन्ही एकदम लावले की ब्रेकर उडायचा, म्हणून काकू एक पहिल्या रांगेसाठी लावायच्या, मग बंद करून दुसरा दुसऱ्या रांगेसाठी. त्या दिवशी दुसऱ्या हीटरची गरज नव्हती. एकच रांग होती, तीही अर्धी.

वर्ग सुटला. मुलं गेली. मी वह्या आवरत होते. मागून शिडी ओढल्याचा आवाज आला.

काकूंनी शिडी माळ्याला लावली होती आणि साडी खोचून त्या दुसऱ्या पायरीवर होत्या.

"काकू! उतरा आधी!"

"शिडी धर. बडबड नंतर."

मी धरली. वरून शिवनेरीचा बुरूज माझ्या हातात आला. मग मोर. मग कमळं. एकेक वस्तू मी खाली घेतली आणि काकूंनी सांगितलं तिथे नेऊन ठेवली, म्हणजे बाहेर, पार्किंग लॉटमध्ये, टायरवाल्याच्या रांगेच्या कडेला. पांढऱ्या बर्फावर पांढरा हंस दिसेनासा झाला. मग काकू खाली उतरल्या, हात पुसले, पर्समधून फोन काढला आणि एकेकाला लावला. सगळ्यांना एकच वाक्य.

"तुमचं मखर दारात ठेवलंय. बर्फ पडतंय. न्यायचं तर न्या, नाहीतर टायरवाला गाडी मागे घेतोय."

अर्ध्या तासात पार्किंग लॉट भरला. ज्यांना कमिटीच्या बैठकीला यायला ट्रॅफिक लागतं, ज्यांची मुलं वर्गाला आणायला गाडी मिळत नाही, ते सगळे मिनीव्हॅन घेऊन हजर. मिसिसागाहून आले, ब्रॅम्प्टनहून आले. सीटा पाडून मोर आत सरकवला. एकाने शिवनेरी गाडीच्या टपावर बांधला. मी दारात उभी राहून बघत होते, आणि रागाने मला हसू यायला लागलं.

शेवटी अध्यक्षकाका आले. त्यांनी रिकामा माळा पाहिला, काकूंकडे पाहिलं.

"अहो, मला आधी सांगायचंत."

"तुम्हाला नोव्हेंबरात सांगितलं," काकू म्हणाल्या. "पाना आणलाय का?"

आणला होता. गाडीत कायम असायचा. काकांनी आपल्याच हाताने बोल्ट सोडवले. माळा इतका पक्का बांधला होता की उतरवायला तिघं लागली, आणि प्रत्येक बोल्ट निघताना काका म्हणत होते, "बघ, किती स्ट्राँग केलं होतं."

सगळं गेल्यावर इग्लूच्या विटांचे दोन खोके उरले. कडा पिवळ्या पडलेल्या, पण वितळलेल्या नव्हत्या, कारण ते हीटरपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात असायचं. काकूंचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. त्यांनी लेकीला फोन लावला. ती हॅलिफॅक्सहून म्हणाली, "आई, जस्ट टेक अ पिक्चर अँड लेट इट गो." स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

काकूंनी फोटो काढला नाही. "डंपस्टरमध्ये टाक," त्या मला म्हणाल्या, आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

मी दोन्ही खोके कडेवर घेऊन कचऱ्याच्या डंपस्टरपाशी गेले. दोन महिने मी हेच सांगत होते. झाकण उघडलं. आत कपाटवाल्याचा भुसा आणि पिझ्झाचे डबे होते. झाकण बंद केलं आणि खोके बसमधून घरी घेऊन आले. बसमधल्या एका मुलाने विचारलं, इज दॅट केक?

जानेवारीत गॅसवाला आला, कबूल केलेल्याच दिवशी, वेळेवर. रिकामी भिंत बघून त्याने मला कॉफी देऊ केली. सळ्या छताच्या लोखंडाला जोडल्या, हीटर टांगला, पातळीत आहे ना ते तपासलं. धुराची नळी भिंतीतून बाहेर काढली. गॅसच्या प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघितलं. एका जोडावर आला. त्याने शिवी दिली, जोड सोडवून पुन्हा बसवला, पुन्हा साबण लावला. मग जमिनीवर पिवळ्या पट्टीने एक चौकोन आखला. "याच्या आत काहीही नाही. खुर्ची नाही, पडदा नाही, देव नाही."

आणि मग त्याने सहज विचारलं, "ते सगळं गेलं कुठे?"

"लोक घरी घेऊन गेले."

"घरी कुठे?"

"बेसमेंटमध्ये, आणखी कुठे?"

कॅनडात घराच्या बेसमेंटमध्ये काय असतं, ते त्याला ठाऊक होतं. मलाही. सगळं घर तापवणारा गॅसचा फर्नेस असतो.

"जीझस," तो म्हणाला.

मी दुसरं पत्रक काढलं. मथळा: "आता तुमच्याच घरात." या वेळी घरोघरी फोनही केले. अध्यक्षकाकांनी आपला हंस फर्नेसला टेकवला होता, पण "तात्पुरता." बाकीच्यांपैकी काहींनी हलवलं, काहींनी हलवतो म्हटलं. संपादिकेने कळवलं की हे पहिल्यापेक्षाही सरस उतरलंय.

पण वर्ग भरला. पहिल्या शनिवारी सगळी मुलं आली नाहीत, पण दोन रांगा झाल्या. हीटर घरघरला, पंखा सुरू झाला, आणि मुलांनी एकेक करून ग्लव्ह्ज काढले. काकू फळ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मला बघून त्या जवळ आल्या.

"हीटरपासून किती लांब ठेवलंयस?" त्यांनी हळूच विचारलं.

इग्लूचं विचारतायत, हे मी समजले. "दुसऱ्या भिंतीला. माझ्या खोलीत हीटर भिंतीच्या तळाला आहेत, विजेचे. त्या बाजूचा बंदच केलाय."

"मग झोपतेस कशी? थंडी नाही वाजत?"

"स्वेटर घालून झोपते. दोन."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चौकटीबाहेर अक्षर काढलं होतं.

"अगं, थर्माकोलच्या विटा त्या! त्यांच्यापायी स्वतःला गारठवून घेतेस? टाक की डंपस्टरमध्ये!"

"काकू, दोन महिने मी हेच..."

हीटरचा पंखा जोरात फिरला आणि माझं पुढचं वाक्य कुणालाही ऐकू आलं नाही.